ठिपका थांबतो, विमान थांबत नाही

सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्रापट्ट्यातून शिकायला आणि नोकरीला बाहेर पडणारी मुले आता पुण्या-बंगळुरापर्यंत जाऊन थांबत नाहीत. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली आणि तिथून अमेरिका, हा प्रवास रामाकोन्यासारख्या गावातल्या घरांनाही आता नवा राहिलेला नाही. मुलगी विमानात बसली की घरातले कोणीतरी मोबाइलवर त्या विमानाचा नंबर टाकते आणि नकाशावर सरकणारे छोटेसे पिवळे विमान पाहत सगळे जागे राहतात. इराण, तुर्कस्तान, जर्मनी, इंग्लंड असे देश मागे पडत जातात. मग आयर्लंड संपते, निळे पाणी सुरू होते आणि कधी ते पिवळे विमान एका जागी गोठते, कधी नाहीसेच होते. आई विचारते, "विमान थांबलं का रे?"

विमान थांबलेले नसते. थांबलेली असते ती आपल्याला मिळणारी खबर. विमान आपले ठिकाण, उंची आणि वेग रेडिओवरून सतत, सेकंदाला साधारण दोनदा, सांगत असते. जमिनीवर गच्चीगच्चीवर बसवलेली छोटी यंत्रे ती हाक ऐकतात आणि मोबाइलच्या नकाशापर्यंत पोहोचवतात. यातली बरीच यंत्रे हौशी माणसांनी स्वखर्चाने लावलेली आहेत. त्यांना साडेतीनशे-चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येते, त्यापुढे पृथ्वीचा फुगवटा आड येतो. भर समुद्रात गच्ची नाही, म्हणून ऐकणाराही नाही. रडारचेही तसेच, त्याचीही नजर साधारण तेवढ्याच अंतरावर संपते. म्हणजे अटलांटिकच्या मधल्या भागात गेलेले विमान कित्येक वर्षे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकालाही पडद्यावर दिसत नव्हते. तरीही त्या आकाशातून रोज शेकडो विमाने एकमेकांना न धडकता जात होती. ती कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. घरातली काळजी त्याने थोडी हलकी होईल, आणि खरी काळजी कुठे करायची तेही कळेल.

आधी वाट कशी ठरते ते पाहू. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या सरळ पश्चिमेला, थोडे वर दिसते. पण नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. घरात संत्रे असेलच. त्यावर अंदाजाने दोन ठिकाणी टाचण्या टोचा आणि मधून दोरा ताणून धरा. दोरा आपोआप जी रेघ पकडतो तीच सर्वांत जवळची वाट. मुंबई-न्यूयॉर्कसाठी असा दोरा ताणला तर तो अरबस्तानाकडे जातच नाही. तो जवळजवळ उत्तरेकडेच निघतो, थोडासा पश्चिमेकडे झुकलेला. मध्य आशिया ओलांडून ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, आइसलंडच्या जवळ चढतो आणि मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडामार्गे खाली उतरतो. हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास भरते. खिडकीतून बर्फ दिसला म्हणून पहिल्यांदा जाणारा प्रवासी गोंधळतो, पण वाट चुकलेली नसते.

मात्र सर्वांत जवळची वाट ही सर्वांत सोयीची असतेच असे नाही, कारण आकाश स्थिर नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तिथे ताशी दोनशे, कधी तीनशे किलोमीटरचा वारा असतो. नावाडी पुरात नाव घालताना धार बघतो, तसेच हे आहे. धारेबरोबर जायचे तर मधोमध, उलट जायचे तर कडेकडेने. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचे जम्बो विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी याच प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात, आणि उलट दिशेने त्याहून तासभर जास्त.

म्हणून उत्तर अटलांटिकवरच्या वाटा कायमच्या नाहीत, त्या रोज नव्याने आखल्या जातात. युरोपकडून अमेरिकेकडे जाणाऱ्या दिवसाच्या वाटा शॅनविक हे केंद्र ठरवते. आयर्लंडचे शॅनन आणि स्कॉटलंडचे प्रेस्टविक यांच्या नावांचा हा जोड आहे. अमेरिकेकडून युरोपकडे येणाऱ्या रात्रीच्या वाटा कॅनडाचे गॅंडर केंद्र आखते. त्या दिवशीचा वारा आणि विमान कंपन्यांची मागणी पाहून पाच-सात समांतर रेघा काढल्या जातात आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे दिली जातात. पश्चिमेकडच्या वाटा ए, बी, सी अशा, पूर्वेकडच्या झेडपासून मागे मोजत. दुसऱ्या दिवशी त्या पुसून नव्या. युरोपात सकाळ-दुपार असते तेव्हा सगळे पश्चिमेकडे निघतात, अमेरिकेत रात्र पडली की सगळे पूर्वेकडे. आठवडी बाजाराच्या रस्त्यासारखी ही गर्दी एका वेळी एकाच बाजूला वाहते. हिंदी महासागरावर आणि अरबी समुद्रावर एवढी दाटी नाही. तिथे ठरलेल्या हवाई वाटा आहेत, आणि काही भागांत कंपन्यांना वारा पाहून स्वतःची रेघ आखण्याची मुभाही आहे.

वाऱ्याने अंतरावर मात केल्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याकडचेच आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही एअर इंडियाची उड्डाणसेवा आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ती उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, पण वारा पाठीशी आला आणि विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोहोचले. जवळच्या वाटेने जाण्याचे उदाहरणही आपल्याकडचेच: जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिक सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवाच्या बाजूने विमान आणले.

वाऱ्याइतकाच मोठा हात राजकारणाचाही आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमाने खाली वळून अरबी समुद्रावरून जाऊ लागली. प्रवास लांबला, इंधन जास्त लागले, आणि इंधन जास्त घ्यायचे म्हटले की तेवढी माणसे व सामान कमी. दिल्लीहून अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर सप्टेंबर २०२५ पासून बंदच करावी लागली. मोबाइलवर मुलीचे विमान विचित्र वळसा घेताना दिसले तर त्याचे कारण पुष्कळदा दोन सरकारांमध्ये असते.

आणि एक गोष्ट वाट ठरवताना नेहमी मोजली जाते: एक इंजिन बंद पडले तर जवळचा विमानतळ किती मिनिटांवर आहे? दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून साठ मिनिटांहून लांब जाऊ नये, असा नियम अमेरिकेत १९५३ पासून होता, म्हणून समुद्र ओलांडायला तीन-चार इंजिनांची विमाने लागत. इंजिने भरवशाची होत गेली तसे १९८५ मध्ये १२० मिनिटे आणि नंतर १८० मिनिटे मान्य झाली. आज काही विमानांना याहून पुष्कळ जास्त मुभा आहे. तरी प्रत्येक उड्डाणाच्या आराखड्यात समुद्रावरच्या प्रत्येक टप्प्यासाठी उतरण्याची जागा आधीच नोंदलेली असते: आइसलंड, न्यूफाउंडलंड, अझोर बेटे. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या विमानातले सगळे इंधन गळतीमुळे संपले, दोन्ही इंजिने बंद झाली, आणि वैमानिकांनी ते सुमारे एकोणीस मिनिटे नुसते तरंगवत अझोर बेटांवरच्या लाझेस तळावर उतरवले. आतली ३०६ माणसे वाचली. रेघ थोडी उत्तरेला असती तर ते बेट आवाक्यात आले नसते.

आता माग ठेवण्याचा प्रश्न. इथे रामाकोन्याच्या माणसाला उदाहरण दूर शोधायला नको, ते आपल्या स्टेशनावरच आहे. नागपूर-छिंदवाडा ही एके काळची छोटी लाईन. एकेरी रुळांवर दोन स्टेशनांच्या मधली गाडी कोणत्याच स्टेशनमास्तरला दिसत नसे. तरी अपघात टळायचे, कारण पुढच्या स्टेशनाने लाईन क्लियर दिल्याशिवाय मागचे स्टेशन गाडी सोडत नसे, आणि गाडी पोहोचली की मागे कळवले जाई. वेळ होऊन गाडी आली नाही तर मास्तर फोन उचलत. गाडी डोळ्यांना दिसत नव्हती, पण ती या वेळी कुठे असायला हवी हे दोघांनाही माहीत असे.

समुद्रावरची विमानवाहतूक याच रीतीवर उभी राहिली. विमान समुद्रात शिरण्याआधी त्याची वाट, उंची आणि वेग पक्के होतात. मागे येणाऱ्याने पुढच्याला गाठू नये म्हणून वेग ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात बांधून दिलेला असतो. एकाच वाटेवरच्या दोन विमानांत पूर्वी दहा मिनिटांचे अंतर ठेवले जाई आणि शेजारच्या वाटा साठ सागरी मैल, म्हणजे एकशे अकरा किलोमीटर दूर असत. मग अटलांटिकवर दर दहा रेखांशांवर वैमानिक रेडिओवर सांगे: अमुक जागी अमुक वेळी पोहोचलो, पुढच्या जागी अमुक वेळी पोहोचेन, त्यानंतरची जागा अमुक. नियंत्रक ते कागदाच्या पट्टीवर लिहून घेई. दिसत काही नसे, पण हिशेब चालू असे.

हा रेडिओ वेगळ्या जातीचा असतो. त्याच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात, म्हणून हजारो किलोमीटर पोहोचतात. दिवसा एक फ्रिक्वेन्सी चालते, रात्री दुसरी, आणि खरखर सदाचीच. तासन्‌तास ती खरखर ऐकणे माणसाला शक्य नाही, म्हणून प्रत्येक विमानाला चार अक्षरांचा संकेत दिलेला असतो. जमिनीवरून तो सूर वाजवला की त्याच विमानात घंटी वाजते आणि वैमानिक हेडफोन उचलतो. अरबी समुद्रावरची विमाने मुंबईशी, बंगालच्या उपसागरावरची चेन्नई-कोलकात्याशी अशीच बोलत आली आहेत.

या पद्धतीत चूक झाली तर ती भयंकर महागात पडते. आकडा टाकताना एक अंश अक्षांश चुकला तर विमान १११ किलोमीटर बाजूला जाते. म्हणूनच एक वैमानिक आकडे भरतो, दुसरा ते स्वतंत्रपणे मूळ कागदाशी ताडून पाहतो. सप्टेंबर १९८३ मध्ये कोरियन एअर लाइन्सचे विमान अलास्काहून सोलला जाताना हळूहळू वाटेबाहेर सरकत सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्या घटनेनंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. आज आपल्या हातातल्या फोनला रस्ता सापडतो त्यामागे ते विमानही आहे. आता याच जीपीएसमध्ये पश्चिम आशियावर मुद्दाम गोंधळ घातला जातो, खोटी ठिकाणे दाखवली जातात. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याबद्दल कंपन्यांना सूचना काढल्या. दोघांनी आकडे ताडण्याची जुनी शिस्त त्यामुळे कालबाह्य तर झाली नाहीच, उलट तिची गरज वाढली आहे.

गेल्या तीस वर्षांत खरखरीच्या जोडीला उपग्रह आले. विमान ठरलेल्या अंतराने आपले ठिकाण उपग्रहामार्फत आपोआप पाठवते, आणि उंची बदलायची परवानगी वैमानिक लेखी संदेशाने मागतो. २०१९ पासून आणखी एक पाऊल पुढे पडले. इरिडियम कंपनीच्या ६६ उपग्रहांवर तीच ऐकणारी यंत्रे बसली जी आपल्याकडे गच्चीवर असतात. ७८० किलोमीटर उंचीवरून त्यांना भर समुद्रातली हाकही ऐकू येते. शॅनविक आणि गॅंडरच्या नियंत्रकांना आता अटलांटिकवरचे विमान काही सेकंदांच्या अंतराने दिसते, आणि विमाने पूर्वीपेक्षा कितीतरी जवळून नेता येतात. भारतानेही आपल्या सागरी हद्दीसाठी ही सेवा घेण्याचे ठरवले. फुकटच्या मोबाइल नकाशावर मात्र उपग्रहांची ही माहिती सर्रास येत नाही. म्हणून घरातला ठिपका गोठतो तेव्हा नियंत्रकाच्या पडद्यावरचा ठिपका चालूच असतो, हे त्या जागणाऱ्या आईला कोणीतरी सांगायला हवे. विमान कंपन्यांनी आपल्या ॲपवर 'समुद्रावर माहिती उशिरा मिळते, काळजी नसावी' एवढी एक ओळ मराठीत आणि हिंदीत दिली तर कितीतरी घरांची झोप वाचेल. आम्ही हे गंभीरपणे सुचवतो.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी आहे. एअर इंडियाचे कनिष्क विमान २३ जून १९८५ रोजी बॉम्बस्फोटात पडले, तेव्हा ते आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ येऊन शॅननच्या रडारवर दिसू लागले होते. ३२९ माणसांपैकी कोणीही वाचले नाही, पण ते कुठे पडले हे तत्काळ कळले आणि जहाजे तिकडे निघाली. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान भर अटलांटिकमध्ये रडारच्या पलीकडे कोसळले. २२८ माणसे गेली. ब्राझीलने ते विमान सेनेगलच्या हवाली करायचे होते. वेळ टळली, विमान बोलले नाही, तरी एकाने दुसऱ्याला नेटाने विचारले नाही. धोक्याची अधिकृत सूचना निघायला सुमारे सहा तास गेले. समुद्राच्या तळाशी गेलेले मुख्य अवशेष सापडायला तर जवळजवळ दोन वर्षे लागली, आणि सापडले ते शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून अवघ्या बारा किलोमीटरवर.

मग ८ मार्च २०१४, मलेशियाचे एमएच ३७०. आत २३९ माणसे होती, त्यांत पाच भारतीय, आणि त्या पाचांत मराठी घरांतलीही. क्वालालंपूरच्या हद्दीतून व्हिएतनामच्या हद्दीत जाण्याच्या नेमक्या सांध्यावर ते पडद्यावरून गेले. दोन्ही केंद्रांमधल्या करारानुसार विमान बोलले नाही तर पाच मिनिटांत विचारायचे होते. हो ची मिन्हच्या केंद्राने विचारले ते अठरा-एकोणीस मिनिटांनी. शोध व बचाव केंद्र जागे व्हायला चार तास उलटले. उपग्रहाशी झालेल्या संकेतांच्या मोजक्या देवाणघेवाणीवरून ते हिंदी महासागराच्या दक्षिण भागात गेले असावे एवढेच कळले. ते अजून सापडलेले नाही. त्या घरांत आजही कोणाला शेवटची वाट माहीत नाही.

या दोन्ही घटनांत विमानात काय बिघडले, ते वेगळे प्रकरण आहे. पण जमिनीवर काय बिघडले ते एकच आहे: एका स्टेशनाने गाडी सोडली, दुसऱ्याकडे ती आली नाही, आणि वेळेत फोन उचलला गेला नाही. यंत्रे त्यानंतर सुधारली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर २०१८ पासून समुद्रावरच्या विमानाचा दर पंधरा मिनिटांनी माग ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. संकटात सापडलेल्या विमानाने आपोआप, दर मिनिटाला ठिकाण सांगावे, हा नियम मात्र पुढे ढकलत ढकलत २०२५ उजाडले, आणि तोही फक्त नव्या विमानांना लागू आहे. एअर फ्रान्स आणि एमएच ३७० नंतरही उडत राहिलेल्या हजारो जुन्या विमानांना त्यातून वगळणे आम्हाला पटत नाही. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान पंधरा मिनिटांत सव्वादोनशे किलोमीटर जाते. तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ समुद्रावर काढून पाहिले तर त्यात आपला पूर्वीचा छिंदवाडा जिल्हा कित्येक वेळा मावेल.

आणि यंत्राइतकेच लक्ष माणसाकडे हवे. हे आपल्या डोक्यावरच्या आकाशालाही लागू आहे. नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून १९४९ मध्ये तिथून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्या बदलून परत जात. आज आग्नेय आशिया आणि युरोप यांच्यात ये-जा करणारी कित्येक विमाने याच आकाशातून जातात. कन्हानच्या काठावरून संध्याकाळी जी पांढरी रेघ दिसते तिच्या टोकाशी असलेले विमान त्या वेळी कोणत्या तरी नियंत्रकाच्या हाती असते, आणि थोड्या वेळाने ते पुढच्याच्या हवाली व्हायचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने देशात हवाई वाहतूक नियंत्रकांची संख्या अपुरी असल्याचे आणि त्यांच्यावर थकव्याचा ताण असल्याचे नोंदवले. मुंबई आणि चेन्नईच्या सागरी हद्दीसाठी उपग्रहांची सेवा घ्यायला पैसे निघतात, ते निघायलाच हवेत. त्याच्याच जोडीला खुर्चीवरची माणसे वाढवायला आणि त्यांची पाळी माणसाला झेपेल एवढीच ठेवायलाही निघायला हवेत. कारण पहाटे तीन वाजता समुद्रावरून येणारे विमान ठरल्या मिनिटाला बोलले नाही, तर पाचव्या मिनिटाला शेजारच्या केंद्राला फोन लावून "तुमचं विमान आलं नाही" असे विचारायचे आहे ते त्याच माणसाला.